चिकलठाणा ते शमशाबाद: आईचा पहिला विमानप्रवास

हैदराबादच्या मावशीला अर्धांगवायूचा झटका आला, तिची वाचा गेली, असा मावसभावाचा फोन आला आणि आईनं तिथल्या तिथं पिशवी भरायला घेतली. दोघी वैजापूरच्या बहिणी, आई धाकटी. गुडघे बिघडल्यापासून रात्रभराची रेल्वे आईला झेपत नव्हती. कैक वर्षांत भेट नव्हती. मी विमानाचं नाव काढलं.

"मी नाय बसणार त्यात," आई म्हणाली. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "पण अक्कापाशी कधी पोचू?"

"उद्या संध्याकाळी."

"मग काढ तिकीट."

औरंगाबादच्या छावणीतल्या आमच्या घरून रिक्षा क्रांती चौकातून जालना रोडला लागली. चिकलठाण्याचा विमानतळ तसा गावातच. गर्दी धरूनही पाऊण तास पुरतो. आतही फार चालावं लागत नाही. तरी सोबत वयस्कर माणूस असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. आमचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी तपासणीतून सुखरूप पार झाली. दह्याचा डबा मात्र बाहेरच राहिला.

विमान पंख्यांचं, छोटं. उडताना आईनं माझं मनगट आवळून धरलं. सव्वा तासानं चाकं जमिनीला टेकली तेव्हा म्हणाली, "आलं बी?"

पण दोन विमानतळांमधलं अंतर पाहून वेळेचा हिशेब करू नका. शमशाबाद शहराबाहेर आहे. मलकपेठेत मावशीच्या घरी पोचायला जवळजवळ विमानाइतकाच वेळ गेला. टॅक्सीवाल्यानं विचारलं, "अम्मा, पहली बार आए क्या?"

"नै मियाँ, बहन का घर है. जरा जल्दी चलाव." औरंगाबादेत उभा जन्म गेलेल्या आईला तिथं भाषेची अडचण कसली!

मावसभावानं दार उघडलं आणि हळूच म्हणाला, "कुणाकडं बघत नाही ती."

आई पलंगावर टेकली. "जयभीम, अक्का." मावशी भिंतीकडंच बघत राहिली. आईनं कंगवा मागितला, तिला उठवून टेकवून बसवलं आणि गुंतलेले केस सोडवत बोलत राहिली. वैजापूरच्या मोंढ्यातला कांदा, शाळेतल्या मैत्रिणी, कोण गेलं, कुणाला नातू झाला. वेणी निम्म्यावर आली आणि मावशीच्या चांगल्या हातानं आईचा पदर धरला. ओठ वाकडे झाले, थरथरले.

"लई... येळ... लावलास."

मावसभाऊ स्वयंपाकघरातून धावत आला. आई एवढंच म्हणाली, "व्हय अक्का, लागला." आणि वेणी पुरी केली. शेवटची गाठ मात्र तिला जमेना, ती मी मारली.

तिसऱ्या दिवशी आमचं परतीचं विमान होतं. "तू जा. मी थांबते," आईनं सांगितलं. कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलातला चहा आणि उस्मानिया बिस्किटं सोडली तर हैदराबाद मी काही पाहिलं नाही. चारमिनारसाठी हे वाचत असाल तर माफ करा. येताना शेजारच्या खुर्चीत एक अनोळखी गृहस्थ घोरत होते. मला सारखं वाटत होतं, एवढंसंच तर अंतर होतं, आणि आम्ही त्याला केवढं मोठं करून ठेवलं होतं.

आई महिनाभर राहिली. मावशी काठी धरून दारापर्यंत येऊ लागली, तेव्हा आई परतली, एकटीच, विमानानं. घरी आली, पाणी प्यायली, पाय पसरून बसली.

"पुढच्या महिन्यात अक्काला हिकडं आणायचंय," ती म्हणाली.

"बघते, रजा मिळते का."

"तू कशाला? मी जाते की आणायला."