ताईची भिंत

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, हाडाचे रंगारी. उभा जन्म दुसऱ्यांच्या भिंती रंगवण्यात गेला, स्वतःच्या घरात मात्र पोपडे लोंबत होते. ताई त्यावरून टोमणे मारायची आणि हे हूं की चूं न करता जेवून उठायचे. ताई गेली आणि हा माणूस स्वयंपाकघरातल्या, गॅसच्या बाजूच्या भिंतीवर तिचं चित्र काढायला बसला. आयुष्यात कधी साधं फूल काढलं नव्हतं!

त्यांची लेक लांब राहते. तिची धाकटी मुलगी आजीला न बघताच राहिली. दोघी सुट्टीत यायच्या होत्या.

"पोरीला आजी दिसली पाहिजे," भाऊजी म्हणाले. फोटो म्हणाल तर ओळखपत्रावरचा एक, त्यात ताई चोरी पकडली गेल्यासारखी दिसते. एरवी कॅमेरा निघाला की तिला नेमकं काहीतरी काम आठवायचं.

मी दोन घरं सोडून राहते. दुपारी डबा द्यायला जायची तेव्हा हे स्टुलावर, भोवती कामावरून उरलेल्या रंगाचे डबे. कुणाच्या दिवाणखान्याचा बदामी, कुठल्याशा दवाखान्याचा फिका हिरवा. त्यातून ताईचा रंग जुळवणं चाललेलं. एकदा तर शेडकार्ड माझ्या गालाला लावलं.

"तू तिच्याहून एक हात उजळ," म्हणाले.

"मी काय भिंत आहे?" मी फणकारले. पण गाल काढून घेतला नाही.

चेहरा काही जमेना. नाक बसलं तर हनुवटी परकी वाटायची. मी म्हणायची, अहो, तेवढी हनुवटीच सुधारा ना. छे! भिंतीला ठिगळ लावायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला नेम. एवढंसं चुकलं की आख्खी भिंत घासायची, पुट्टी भरायची, प्रायमरचा हात मारायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. वाळेपर्यंत समोर बसून राहायचं. असे किती चेहरे त्या भिंतीत गाडले गेले देव जाणे. पुट्टी चढून चढून दिव्याचं बटण आत गेलं होतं. मला त्या घासण्याचा आवाज सहन व्हायचा नाही. माझीच बहीण होती ना ती!

लेक यायला थोडे दिवस उरले होते तेव्हा मी डबा घेऊन गेले, तर भाऊजी हात पुसत उभे.

"झालं. बघ."

मी बघितलं आणि अंगावर काटा आला. नाक, भुवया, ओठांची मुरड, सगळं हुबेहूब.

"अहो भाऊजी," मी म्हटलं, "ही तर मी आहे!"

ते भिंतीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग खाली बसले, रंगाच्या ओल्या फडक्यावरच.

"रोज तू समोर असतेस, तुझं बघून हात चालला," म्हणाले. "तिचा चेहरा मला येतच नाही गं. एवढा संसार झाला, पण मी तिच्याकडे धड बघितलंच नाही."

माझं डोकंच फिरलं. "मग करत काय होतात इतकी वर्षं? डोळे काय शेडकार्ड बघायला दिले होते?" मला भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं.

"कामावरून यायचो," ते म्हणाले, "इथेच स्टुलावर बसून नखांतला रंग काढायचो. ती गॅसपाशी. माझ्याकडे पाठ."

मी डबा ठेवला आणि निघून आले. मागे घासण्याचा आवाज सुरू झाला होता.

पुढचे काही दिवस दार लोटलेलंच. मी डबा बाहेर ठेवायची. लेक आली तेव्हा मीच तिला घेऊन गेले, जीव मुठीत धरून.

भिंतीवर ताई पाठमोरी उभी होती, तिच्याच उंचीची. मानेवर सुटत आलेला अंबाडा, डावा खांदा किंचित खाली, एक हात कंबरेवर. दुखायची तिची कंबर, आणि ती कुणाला सांगायची नाही. भाऊजींनी मात्र ते बघितलं होतं. कोपराखाली रंगाचा एक ओघळ तसाच राहिला होता. भाऊजींच्या भिंतीवर मी ओघळ कधी पाहिला नव्हता.

लेक दारातच थबकली. बॅग हातातून सुटली. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळावा तशी सगळ्यांना दटावणारी ही बाई, तिचा आवाज एकदम शाळेतून घरी आलेल्या पोरीसारखा झाला.

"आई, भूक लागली."

धाकटी आईचा हात धरून भिंतीकडे टकामका बघत होती. भाऊजी स्टुलावरून उठले, चित्राच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी गॅस पेटवला.