सज्जातला कफील

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही, माणसं बरी भेटली की ते आपोआप साचतात. आमच्या रविवारच्या चित्रमंडळींचं तसंच झालंय. मी ड्रॉइंगची बाई. मुंबईत रिटायर होऊन श्रीवर्धनकडच्या माहेरगावी आले आणि ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर माझी लाडकी चित्रं दाखवू लागले. रेनेसाँ काळातली! चिलखत घातलेले घोडेस्वार लांब भाले रोखून एकमेकांवर धावतात, त्या स्पर्धांची. माझं म्हणणं एकच, हा नुसता खेळ नाही, यात राजकारण रंगवलंय. हॉल मात्र तोंडी परवानगीवर होता. तो गेला की मंडळी पांगणार, ही धास्ती कायम.

*

नजीरभाईंची उमेदीची सगळी वर्षं कुवेतला गेली. पहिलंच चित्र दाखवून मी त्यांना विचारलं, "यात सगळ्यात महत्त्वाचा कोण?" मला वाटलं, जिंकणारा स्वार म्हणतील. त्यांनी वर सज्जात आरामात बसलेल्या उमरावाकडे बोट केलं.

"ह्यो. घोडे त्याचे, कपडे त्याचे, खाना त्याचा. कफील हाय, बाई!"

कफील म्हणजे आखातात ज्याच्या भरवशावर आपला व्हिसा असतो, तो मालक. तेव्हापासून आमच्याकडे 'आश्रयदाता' हा शब्द बंद!

*

सुनंदावहिनी बचत गट चालवतात. मी रंगात येऊन सांगत होते, "घोड्याची झूल निळी, म्हणजे स्वार या घराण्याचा. भाल्याला बांधलेली फीत लाल, ती त्या घराण्यातल्या मुलीची. झाली युती जाहीर!"

"युती कसली, सोयरीक म्हना," वहिनी म्हणाल्या. "पोरीला इचारलं व्हतं का कुनी?"

आता कुठलंही चित्र लागलं की त्या आधी विचारतात, "पोरगी कुठं हाय?" मग आम्ही सगळेच तिला शोधत बसतो.

*

पाटीलदादा गावात कबड्डीचे सामने भरवतात. एका चित्रात दोन्ही भाले मोडलेले, तरी दोन्ही स्वार घोड्यावर ताठ! मी म्हटलं, "दोन घराण्यांचा नुकताच तह झालाय. म्हणून चित्रकाराने कुणालाच पाडलं नाही."

"बराबर हाय," दादा म्हणाले. "फायनलला दोन्हीकडचे पुढारी आले की आमी पन त्येच करतो."

"म्हणजे काय करता?"

"लाइट घालवतो!"

*

खरं सांगते, नोकरीभर मी मुलांना फुलदाण्या काढायला शिकवल्या. या चित्रांबद्दल मला कधी कुणी काही विचारलंच नाही. इथे लोक जेवणं उरकून माझ्या आधी येऊन बसतात. माझा गुडघा धरला तेव्हा या तिघांनी प्रोजेक्टर घरी आणला आणि पलंगासमोर चादर बांधली. उतारवयात अशी माणसं मिळाली, याचं मला अजून नवल वाटतं.

*

आणि मग सरपंचांचा निरोप आला. हॉल पंचायतीचं सामान ठेवायला हवाय, रविवारचा कार्यक्रम बंद.

शेवटच्या रविवारी आम्ही सरपंचांनाच पाहुणे म्हणून बोलावलं. ते आले आणि दारातच थांबले. मी सगळ्यात मोठं चित्र लावलं. खाली धूळ, मोडके भाले, आडवा पडलेला घोडा. वर सज्जात उमराव.

"जिंकला कोन?" सरपंचांनी विचारलं.

"त्याचं नाव कुणालाच माहीत नाही," मी म्हटलं.

"आनि ह्यो वरचा?"

"त्याचं सगळ्यांना माहीत आहे," नजीरभाईंकडे न बघता मी म्हटलं. "पटांगण त्याचं होतं ना!"

सरपंच आत आले. पडद्याजवळ जाऊन चित्रातला सज्जा पाहून आले. मग त्यांनी हॉल न्याहाळला, मागची भिंत, खिडक्या, पडदा.

"पुढल्या रविवारी," ते म्हणाले, "माझी खुर्ची कुठं लावनार?"