दोन्ही डावे

आज पार्सल उघडलं तर दोन्ही चपला डाव्या! मी फोन लावून कंपनीच्या मुलीवर डाफरलो, "अहो, चपला भरणाऱ्याला एवढं कळायला नको?" आणि जीभ चावली.

हेच वाक्य मी इथल्याच, बेंगळुरूच्या विमान कारखान्यात ओरडलो होतो. तेव्हा पुण्याहून नुकताच आलेला डिझायनर होतो मी. पंखाच्या झडपेच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग काढलं ते डाव्या बाजूचं, आणि 'उजवं याच्या उलट' ही एवढीशी ओळ लिहायची राहिली. तुकोजीअण्णा आमचे जुने फिटर, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी. त्यांनी दोन ब्रॅकेटं माझ्या टेबलावर आणून ठेवली. काठ आरशासारखे घासलेले, तेलाने चमकणारे. आणि दोन्ही डावी!

"अण्णा, विमानाला उजवा पंख असतो, एवढं कळायला नको?"

त्यांनी ड्रॉइंग उलगडलं. ताज्या प्रिंटचा अमोनियाचा भपकारा नाकात चढला.

"कळलं होतं की, सर. म्हणून सोमवारी विचारायला आलो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'डोकं चालवू नका, ड्रॉइंगप्रमाणे करा.' मी 'सरी' म्हटलं, कानडीत 'ठीक आहे', आणि केलं."

तेव्हा वाटलं, म्हातारा मुद्दाम माझी जिरवतोय. आज वाटतं, जिरवली तेच बरं झालं.

फोनवरची मुलगी अजून ताटकळत होती. "सर, बदलून पाठवू का?"

"सरी," मी म्हटलं.