तो हात कोणाचा

कवळ्या बनवणाऱ्याला त्याचं गिऱ्हाईक कधी भेटत नाही. दातांच्या डॉक्टरांकडून डब्यातून हिरड्यांचे साचे येतात, डब्यावर एक नंबर असतो, आणि आठ-दहा दिवसांनी त्याच डब्यातून तयार कवळी परत जाते. ही गोष्ट ज्याची आहे त्याने तीस वर्षं हेच केलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत मेण, प्लास्टर, पॉलिशचं मशीन आणि फळीवर ओळीने मांडलेले अनोळखी लोकांचे जबडे, मागच्या खोलीत एक पलंग आणि जुना टेपरेकॉर्डर. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "दुसऱ्यांचे दात बसवता बसवता माझंच बस्तान बसायचं राहिलं." हा विनोद तो वर्षानुवर्षं करत आला होता आणि लोक वर्षानुवर्षं हसत आले होते. एरवी तो फारसा बोलत नसे.

बोलायचा तो महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. तिथे एका जुन्या बँडचे चाहते जमत. चार जणांचा तो बँड पस्तीस वर्षांपूर्वी मोडला होता. मोडायच्या आधी त्यांनी एका उघड्या मैदानावर भर दुपारी शेवटचा कार्यक्रम केला. त्यावर माहितीपट निघाला, पण तो धड कुणाला बघायला मिळालाच नाही. एका टेपवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशा नकला फिरत राहिल्या. गटाकडे जी नक्कल होती ती वाफ धरलेल्या आरशासारखी होती. कोणीतरी आहे एवढं कळे, कोण आहे ते कळत नसे.

त्यातल्या एका जागेवरून कायम वाद. तिसऱ्या गाण्यात गायिकेचा आवाज बसतो. ती माईकपासून मागे सरते, स्टेजच्या कडेला येऊन खाली बसते, आणि पहिल्या रांगेतून एक हात तिला पाण्याची बाटली देतो. ती पाणी पिते, तोवर अख्खं मैदान तिचं गाणं म्हणत राहतं. बाटली दिसते, हात दिसतो, हाताच्या मागे नुसतं धुकं. तो हात कोणाचा, यावर लोक हमरीतुमरीवर येत.

बारा वर्षांपूर्वी, गटाच्या पहिल्याच बैठकीत, कोपऱ्यात बसलेला कवळीवाला म्हणाला, "तो हात माझा आहे."

त्याला म्हणायचं होतं, माझ्या बहिणीचा आहे. मधला एक शब्द त्याने गिळला आणि उरलेलं वाक्य सरळ करून घेतलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. एक निवृत्त बसड्रायव्हर उठून आला आणि त्याने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. इतकी माणसं एकदम आपल्याकडे बघताहेत, हे कवळीवाल्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मग लोक विचारत गेले आणि तो सांगत गेला. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. त्याला रेटावंही लागलं नाही. पुढच्या कठड्याचा रंग ओला होता आणि तो कपड्यांना लागला. ड्रम वाजवणाऱ्याच्या एकाच पायात बूट होता. बाटलीच्या झाकणाला रबराचा वास यायचा, त्यामुळे ती पुढे करताना लाज वाटली. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. फक्त ते सगळं ताईचं होतं. गटात त्याचं नावच पडलं, "पहिली रांग".

खरं घडलं होतं ते असं. ताई बावीस वर्षांची, नर्सिंग शिकत होती; तो एकोणीसचा. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. ताईने पहिल्या विद्यावेतनातून दोन तिकिटं आणली, एक स्वतःला, एक धाकट्याला. वडिलांना असल्या गोष्टींचा तिटकारा. "त्या गर्दीत जाईल त्याने परत या घरात यायचं नाही," असं ते आदल्या दिवशी जेवताना सहज म्हणाले, कुणाला उद्देशून नव्हे. धाकट्याची मात्र पाचावर धारण बसली. सकाळी तो ताप आलाय म्हणून पांघरूण घेऊन पडून राहिला. ताईने त्याच्या कपाळाला हात लावला, गोळी दिली, उशाशी पाणी ठेवलं आणि वडिलांना ड्यूटी आहे असं सांगून एकटी गेली. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "ताई कुठेय?" आणि त्याने सांगून टाकलं. दुसऱ्यांदा विचारायची वेळही आली नाही.

ताई आली तेव्हा दाराला आतून कडी होती. ती जिन्यावर बसून राहिली. जेवणं झाली, भांडी घासून झाली, मग वडिलांनी दार उघडलं. काय बोलायचं ते बोलले, आणि नंतर वर्षभर तिच्याशी बोललेच नाहीत. चार दिवसांनी ती वसतिगृहात राहायला गेली. पण त्या चार दिवसांत रोज ती त्याच्या पलंगाच्या कडेला बसून हळू आवाजात कार्यक्रम सांगत असे, पहिल्या गाण्यापासून. "तुझा बिचाऱ्याचा हुकला ना," म्हणायची. तो भिंतीकडे तोंड करून ऐकायचा.

हे सगळं तसंच पुरलं गेलं असतं. पण यंदा बातमी आली की त्या माहितीपटाची मूळ रिळं कुठल्याशा तळघरात सापडली, एकेक चौकट धुऊन-पुसून दुरुस्त केली, आणि आता घरी बघण्यासाठी त्याची डिस्क निघणार आहे. गटात एकच धांदल उडाली. बसड्रायव्हरने तीन प्रती नोंदवल्या: एक बघायला, एक ठेवायला, आणि एक "न जाणो" म्हणून. एकीने नवा टीव्ही घेतला आणि घरच्यांना सांगितलं की जुन्याचं चित्र थरथरत होतं. गट चालवणाऱ्या ग्रंथपालबाई रोज सकाळी निरोप पाठवत: आता एक्केचाळीस दिवस. आता चाळीस. आणि जो तो कवळीवाल्याला म्हणायचा, "काका, आता दिसणार तुमचा हात. नखांसकट दिसेल."

तो हसायचा. कवळीवाला असल्यामुळे दात दाखवायची त्याला सवय होती.

एवढ्यावर भागलं नाही. डिस्कबरोबर एक पुस्तिका निघणार होती आणि त्यासाठी कार्यक्रमाला हजर असलेल्यांच्या आठवणी हव्या होत्या. ग्रंथपालबाईंनी त्याला न विचारता त्याचं नाव कळवलं. नाही म्हणायला त्याच्याकडे एक अख्खा आठवडा होता. त्या आठवड्यात त्याने चार पानं लिहिली. चांगली लिहिली. ताई जे शब्द वापरायची तेच त्याने वापरले.

अठरा दिवस उरले असताना पुस्तिकेच्या संपादकाचा मेल आला. सोबत दुरुस्त केलेल्या चित्रपटातली एक चौकट होती. "आपल्या लेखाशेजारी हे छापायचं आहे. पण हा हात आपलाच ना, एवढं कळवावं."

त्याने चित्र उघडलं. धुकं गेलं होतं. बाटली, तिचं निळं झाकण, आणि ती धरलेला बारीक मनगटाचा हात, ज्यावर बायकांचं छोटं घड्याळ आतल्या बाजूला फिरवून बांधलेलं होतं, नाडी मोजताना दिसावं म्हणून नर्स बांधतात तसं. हाताच्या मागे चेहरा. बाहीला कठड्याचा हिरवा रंग लागलेला. बावीस वर्षांची ताई तोंड उघडं टाकून वर बघत होती. इतकं आनंदी त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं, कारण ती घरी येईपर्यंत त्याने ते संपवलं होतं.

मेण बर्नरवर करपून गेलं तेव्हा तो भानावर आला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ताईकडे गेला. ताई आता सत्तावन्नची, इस्पितळात मोठी सिस्टर. त्या दिवशी तिची सुट्टी होती आणि ती गणवेशाला इस्त्री करत होती. त्याने फोनमधलं चित्र तिच्यापुढे धरलं. तिने चष्मा लावला, मग इस्त्री उभी करून ठेवली.

"अगं बाई. ही मी की काय?"

"तूच."

"केवढी बारीक होते रे." ती कितीतरी वेळ बघत राहिली. "आणि हे तुझ्याकडे कसं?"

त्याने सांगितलं. बारा वर्षं, पहिली रांग, चार पानं. ताई ऐकत होती. एकदा तिला हसूही आलं. "माझा हात ढापलास होय? मागितला असतास तर दिला असता."

तिथे तो थांबू शकला असता. ती रागावली नव्हती, उलट तिला थोडी गंमतच वाटत होती. पण ते चित्र बघितल्यापासून त्याला थांबता येत नव्हतं.

"ताई, मला त्या दिवशी ताप नव्हता. आणि बाबांना मीच सांगितलं."

ताईने चष्मा काढला. "काय सांगितलंस?"

"तू कुठे गेलीस ते."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा आवाज येत राहिला.

"समोरच्या काकूंनी नाही सांगितलं?" ताईने विचारलं.

"नाही."

"जाताना त्या मला जिन्यात भेटल्या होत्या. कुठे निघालीस म्हणाल्या, मी खरं सांगितलं. फक्त त्यांनाच सांगितलं होतं. त्यांनाच आणि तुला."

समोरच्या काकू म्हणजे आई गेल्यावर ताईची वेणी घालणाऱ्या. त्या दिवसानंतर ताई काकूंशी एक शब्द बोलली नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं.

"सहा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी इस्पितळात आली होती," ताई म्हणाली. "काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. म्हणाली, आई तुमचं नाव घेते, तुम्ही घरी येऊन इंजेक्शन द्याल का. मी म्हटलं, मला वेळ नाही. मला वेळ होता रे. माझी रजा शिल्लक होती. महिन्याभरात त्या गेल्या."

ताईने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि अर्धा झालेला गणवेश तसाच घडी करून ठेवला.

"तू आता जा," ती म्हणाली.

घरी येऊन त्याने संपादकाला लिहिलं: हात माझा नाही, लेख काढून टाका. मग ग्रंथपालबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बारा वर्षं, काका?" आणि मग, "हे मला एकटीला फोनवर सांगून भागायचं नाही. डिस्क आली की सगळे जमतील. तिथे सांगा. आणि बहिणीचा नंबर द्या, त्यांना मी बोलावते."

ताई येईल असं त्याला वाटलं नव्हतं. ती आली. दुपारचे तीन वाजले होते, वाचनालयाच्या खोलीचे पडदे ओढले होते, नवा टीव्ही त्याच्या मालकिणीने घरून उचलून आणला होता. ताई दाराजवळच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली. त्याच्याकडे तिने बघितलं नाही.

तो उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने कागदावर लिहून आणलं होतं, पण कागद त्याने न उघडताच परत खिशात घातला. "तो हात माझ्या बहिणीचा आहे," तो म्हणाला. "मी कार्यक्रमाला गेलोच नव्हतो. घरी झोपून होतो." बसड्रायव्हर त्याच्या शेजारी बसला होता; तो उठला, पलीकडच्या रांगेत जाऊन बसला आणि आपले दोन्ही हात त्याने काखेत घातले.

मग चित्रपट सुरू झाला. काय सांगावं, गवताचं पातं न् पातं दिसत होतं. ज्यांनी वर्षानुवर्षं धुकं पाहिलं होतं ती माणसं पहिल्या गाण्यालाच रडायला लागली. ड्रम वाजवणाऱ्याचा एकच बूट दिसला तेव्हा दोघातिघांनी नकळत कवळीवाल्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. तिसरं गाणं आलं. आवाज बसला, गायिका कडेला आली, ताईचा हात पुढे झाला. ग्रंथपालबाईंनी चित्र तिथेच थांबवलं. सगळी खोली दाराकडे वळली.

"सांगा ना," बाई ताईला म्हणाल्या. "काय झालं होतं?"

ताई स्वतःच्या त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "मला नाही आता आठवत," ती शेवटी म्हणाली. "पुढे इतकं काय काय झालं. पाणी दिलं एवढं आठवतं. बाकीचं यालाच विचारा. मी सगळं याला सांगून ठेवलं होतं."

त्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण लोक थांबले होते. त्याने सुरुवात केली. "ताई म्हणाली, कठड्याचा रंग ओला होता. ताई म्हणाली, झाकणाला रबराचा वास होता, म्हणून तिला लाज वाटली." प्रत्येक वाक्याआधी तो ते दोन शब्द लावत होता. तेच बोलणं बारा वर्षं त्याच्या तोंडून सुसाट निघायचं. आज ते दगडासारखं जड झालं होतं. मधेच ताई म्हणाली, "हो, खरंच की."

निघताना जिन्यात ती त्याच्यासाठी थांबली. "रविवारी मी काकूंच्या मुलीकडे जाणार आहे. तू यायचंस. मी बोलणार नाही, तू बोलायचंस."

ते गेले. काकूंच्या मुलीने दोघांना बसायला सांगितलं, पाणी आणलं. चाळिशीची बाई, चष्म्यावरून बघण्याची सवय काकूंसारखीच. त्याने सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"आई विचारायची," ती ताईकडे बघून म्हणाली. "म्हणायची, त्या पोरीचं माझ्यामुळे काय बिघडलं असेल. मला म्हणायची, आठवून बघ, मी तिला काही लागेलसं बोलले होते का."

ताईने तिचा हात धरला. दोघी तशाच बसून राहिल्या. तो समोरच्या खुर्चीवर होता. ग्लासातलं पाणी त्याने प्यायलं नव्हतं, आणि उठून जायचं की बसून राहायचं, हे त्याला कोणी सांगत नव्हतं.