दोन अरब आणि गाडीवानांची कवायत

कापसाच्या गंजीत दिवसभर वावरलं की धोतराला कापूस चिकटतोच. कितीही झटका, थोडा राहतो. अमरावतीच्या कचेरीत मी कोठडीवर शिपाई होतो. तिथले किस्से असेच चिकटलेत, आणि त्यात दोन अरबांचे सगळ्यात जास्त. खरं सांगतो, त्यातल्या थोरल्यावर मी फार जळत होतो!

*

विलायतेत आमच्या कापसाला एकदम भाव आला ते दिवस. रस्त्यावर गाड्याच गाड्या आणि त्यांच्या मागावर लुटारू. म्हणून तिवशाच्या गाडीवानांनी सालेम आणि त्याचा धाकटा भाऊ हे दोन अरब राखणीला ठेवले. दोघांनी हैदराबादेत शिपाईगिरी केलेली. सालेमनं तीस गाडीवान लाइनीत उभे केले आणि काठी शिकवू लागला. फौजदारानं लांबून पाहिलं, दोघांना धरलं आणि रिपोर्ट केला: "परदेशी इसम बिनपरवाना फौज तयार करीत आहेत."

पंचनाम्याला पंच हवेत. जवळपास होते ते गाडीवानच! तीच फौज, तेच पंच. त्यांनी लिहून दिलं: "जप्त माल, तीस काठ्या. उपयोग, बैल हाकणे."

*

शिरस्तेदारांपुढं पेच पडला. हे राणीची रयत नाहीत, निजामाची नाहीत. पण कागदावरचे रकाने तर भरलेच पाहिजेत.

"मौजे?"

"रेत," सालेम म्हणाला.

"तालुका?"

"समंदर."

शिरस्तेदारांनी पगडी काढून ठेवली आणि तसंच लिहिलं. आठ दिवसांनी वरून शेरा आला: "सदर तालुका कोणत्या जिल्ह्यात, याचा खुलासा करावा."

*

कोठडीतल्या त्या दोघांची भाकर माझ्या घरून जायची. माझी बायको यमुना रोज विचारायची, "त्यायले ठेचा आवडला का?"

लग्नाला चार वर्षं झाली होती. मला एकदाही विचारलं नव्हतं!

एक दिवस मी वाटेत ठेच्यात मूठभर मीठ कालवलं. सालेमनं घास घेतला, डोळे मिटले. डोळ्यांत पाणी.

"भाभी को बोलो, आज घर याद आया. बिलकुल समंदर का पानी!"

मी हा निरोप पोटातच ठेवला असता, पण माझ्या जोडीच्या पहारेकऱ्यानं घरी जाऊन सांगितला. मीठ कोणी घातलं हे यमुनेनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्याही ताटात तसाच ठेचा!

*

खटला गोऱ्या साहेबांपुढं आला. गाडीवानांनाही बोलावलं. साहेब सालेमला म्हणाले, "काय शिकवलं, ते आवारात करून दाखवा."

सालेमनं शीळ घातली. तीस गाडीवान जागचे हलेनात. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "साहेब, बैल नाही तं आमी उभं कोठी राहाव? ज्याची जागा त्याच्या जोडीपाशी."

साहेबांनी आम्हा शिपायांकडं पाहिलं. आम्ही दोघं दोघं मिळून बैलजोड्या झालो! पुन्हा शीळ वाजली. गाडीवानांनी आम्हाला घेरलं, पाठ आमच्याकडं, काठ्या बाहेर. मी जरा सावकाश वळलो. गाडीवानाला शेपूट सापडेना, तर त्यानं माझा कमरेचा पट्टाच पिरगाळला.

भिंतीपलीकडून बघणाऱ्या बायका हसल्या. त्यात यमुनेचं हसू मला ओळखू आलं. सालेमनं येऊन माझी मान थोपटली.

"अच्छा बैल है!"

*

ही फौज नव्हे, हे साहेबांना पटलं. पण परदेशी माणूस तसाच मोकळा सोडता येईना. शेतवावर असलेला कोणी जामीन राहिला तर दोघं इथंच राहतील, नाहीतर बेड्या घालून सरहद्दीपार. गाडीवानांची नावं रिपोर्टात होती, त्यांचा जामीन चालेना.

सकाळी यमुना म्हणाली, "तुमी राहा जामीन. आपलं वावर आहे."

"मी काहून? जाऊ दे त्याले समुद्रात!"

"त्यायनं तुमचं काय वाईट केलं, सांगा."

मी कमरेचा पट्टा आवळला आणि कचेरीची वाट धरली.

कोर्टात पुकारा झाला. कोणी उठेना. दुसरा झाला. बाहेर त्यांना सरहद्दीवर न्यायला गाडी जुंपून तयार होती. सालेम धाकट्याचा हात धरून खाली पाहत होता. तिसऱ्या पुकाऱ्याला मी पुढं झालो आणि सहीच्या जागी नांगराची निशाणी काढली.

साहेबांनी विचारलं, "शिपाई, ओळख अवघी दोन महिन्यांची. या माणसाची खात्री तू कशी देतोस?"

मी हात जोडले.

"साहेब, याच्यात खोट सापडावी म्हणून मी जेवढा टपून होतो ना, तेवढं तुमचं सरकार बी नव्हतं!"