तार सुटणारं दही

लॅबमध्ये काम करणाऱ्याले किस्से शोधावे लागत नाहीत बाप्पा! सिंकमधल्या भांड्यांसारखे साचतच राहतात. आमची रायपूरची लॅब तर दह्याच्या जंतूंची. मित्र जमले की म्हणतात, "सांग ना बे, दहीवाल्या!" मी सांगतो. पण आजकाल हसणं अर्ध्यातच थांबते.

*

घरी दह्याले तार सुटली की लोक ते फेकतात. आमच्या इथं उलटं! हे जंतू दुधातल्या साखरेचं आंबट करतात, पण थोड्या साखरेचे चिकट धागेही बनवतात. जंतूचे जीन बदलून ती तार वाढवायची, हेच आमचं काम. रोज सकाळी काडी बुडवायची अन् वर उचलून पाहायची. एकदा तार एवढी लांबली का आमची रिसर्चवाली पोट्टी प्रणाली स्टुलावर चढली, तरी तुटेना! आमचे खोब्रागडे सर खालून ओरडले, "उतर! पीएचडी झाल्यावर पड!"

*

मूळ जंतू प्रणालीच्याच आईच्या दह्यातला. घर चौबे कॉलोनीत, वडील रेल्वेत. काकूंनी ते विरजण लग्नानंतर माहेरून, भंडाऱ्याहून आणलेलं. काका त्या दह्याले हात लावत नसत. "हे शेंबडासारखं मी खाऊ? काहून? काय पाप केलं मी?"

काकू म्हणायच्या, "नका खाऊ. माही पोरगी याच्यावरच डॉक्टर होऊन राहिली!"

*

मग काकूंना लकवा मारला, दवाखान्यात ठेवलं. पाणी पाजलं की ठसका, सरळ श्वासनळीत जायचं. डॉक्टरांनी सांगितलं, पातळ काहीच देऊ नका, घट्ट अन् बुळबुळीत द्या. काकूंनी बोबड्या आवाजात एकच मागितलं, "माहं दही."

प्रणाली अन् मी दही आणायले घरी गेलो. शेजारच्या दीदीनं आपुलकीनं फ्रिज घासूनपुसून ठेवला होता. "भैया, दही खराब हो गया था, तार छूट रही थी। मैंने फेंक दिया।"



*

आता तो मूळ जंतू फक्त आमच्या फ्रीजरमध्ये होता. त्याचे जीन कोणी बदलले नव्हते, पण होता तर लॅबचाच. अन् लॅबमधलं काही तोंडात घालायचं नाही, हा सरांचा नियम. प्रणाली भांडली, रडली. "सर, मेरी माँ का ही तो है!"

शेवटी सरांनी फ्रीजरमधली ती जंतूंची कुपी समता कॉलोनीत आपल्या घरी नेली. दूध तापवायले नवा गंज आणला, ताज्या दुधात पुन्हा पुन्हा विरजण लावलं. तार आली! प्रणालीनं डबा पुढे केला, तर सर म्हणाले, "आधी मी खातो. परवापर्यंत मले काही झालं नाही, तर आईले दे."

सरांना काहीच झालं नाही. ठणठणीत! पण परवा उजाडायच्या आत काकू गेल्या. मले आजही राग येते, कोणाचा ते समजत नाही.

*

काकूंच्या जलदान विधीच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत प्रणाली तेच दही घेऊन आली. चमच्याखाली तार लोंबत होती. तिची आत्या हळूच म्हणाली, "पोरी, नासलं ते. घेऊन जा आत." सर मान खाली घालून बसले होते.

काकांनी आपलं ताट पुढे सरकवलं.

"वाढ."