काखेतला कापूर

"हिच्या काखेत गाठ आहे हो, बाई!"

गोणपाटाच्या पडद्याआडून आयाचा आवाज आला, आणि कल्याण स्टेशनावरची आम्हा बायकांची रांग दोन पावलं मागे सरकली. आत माझी आत्या होती.

प्लेगचं वर्ष होतं. तपासणी झाल्याशिवाय गाडीत बसू देत नसत. ताप किंवा गाठ सापडली की गावाबाहेरच्या छावणीत रवानगी. आणि आम्हाला त्याच संध्याकाळी नौपाड्यात पोचायचं होतं. आत्याच्या पहिल्या नातवाचं बारसं होतं. बाळाचं अंगडं तिने स्वतः शिवलं होतं. ते माझ्या हातातल्या पेटीत होतं.

"अगं, आत ये!" आत्या ओरडली. "तू इंग्रजी शिकलीस ना? सांग या गोरीला, मी ठणठणीत आहे म्हणून. बाकीचं काही सांगू नकोस!"

'बाकीचं' ऐकून रांगेतल्या बायकांनी कान टवकारले.

बाकीचं एवढंच होतं, की ती गाठ म्हणजे कापराची पुरचुंडी होती. प्लेग जवळ येऊ नये म्हणून एका वैद्याने ती डाव्या काखेत बांधायला सांगितली होती. अट एकच, कुणाला सांगितलं की त्या पुरचुंडीचा गुण जातो. वासावरून कुणाला संशय यावा, तर त्या वर्षी सगळं गावच कापराने घमघमत होतं.

मी आत गेले. गोरी डॉक्टरीण टेबलाशी बसली होती. आत्या डावा हात अंगाशी घट्ट आवळून उभी होती.

"चोळी सोडा," आया म्हणाली.

"मेले तरी सोडणार नाही."

"दुखतंय का?"

"नाही."

"मग हात वर का करत नाही?"

"माझा हात आहे!"

डॉक्टरीण इंग्रजीत पुटपुटली, "बिचारीला फार कळ येत असणार," आणि छावणीची चिठ्ठी लिहू लागली. ते फक्त मला कळलं. पण मिशनच्या शाळेत मी इंग्रजी कविता म्हणायचे, ती सगळ्या वर्गाच्या आवाजात आवाज लपवून. घरी पाहुण्यांनी "जरा इंग्रजी बोलून दाखव" म्हटलं की मी स्वयंपाकघरात पळायचे. आत्या सगळ्यांना सांगत असे, "आमची पोर इंग्रजी शिकलीय, पण अजून ऐकलंय कुणी?"

चिठ्ठीवर सही झाली. डॉक्टरणीने मला जवळ बोलावलं. माझी पाळी होती.

आत्या डोळे वटारून मला त्या अटीची आठवण देत होती. तिच्या पुरचुंडीबद्दल बोलायचं नाही, हे मला कबूल होतं. पण माझ्याही काखेत एक होती; सकाळी आत्यानेच ती चोळीला आतून टाचली होती. माझ्या पुरचुंडीबद्दल बोललं तर जाऊन जाऊन गुण तिचाच जाणार होता, आत्याच्या पुरचुंडीचा नाही.

मी पाठ वळवली, टाके तोडले आणि ती घामेजलेली पुरचुंडी चिठ्ठीवर ठेवली. मग आयुष्यात पहिल्यांदाच, एकटीच्या आवाजात, इंग्रजीत म्हणाले,

"मॅडम, ही माझी गाठ. हुंगून बघा."